चौथा सिलिंडर

गाडी आली तेव्हा तिच्या चाकांवर
महाबळेश्वरची लाल माती होती,
आणि डॉक्टर कर्णिक म्हणाल्या,
गजेंद्र, शंभर अश्व वाढवून दे.
पावशेर वाटाणे मागावेत, तसं.

मी बॉनेट उघडलं.
जपानी, दोन सीटांची, अठराशे सीसी.
कारखान्याने दिलेले एकशे चाळीस अश्व, कागदावर.
भोसरीत डायनोला पट्ट्यांनी बांधून पळवली,
भरले एकशे सतरा.
बाकीचे तेवीस
कात्रजच्या घाटात, विद्यापीठाच्या सिग्नलला,
आठ वर्षांच्या काजळीत
कुठे कुठे चरायला गेलेले.

बाई भूलतज्ज्ञ. आठवडाभर
माणसं झोपवायची आणि पडद्यासमोर बसायचं,
एकही आकडा जागचा हलू नये म्हणून.
रविवारी त्यांना हवं असतं
काट्याने सात हजारांवर जावं
आणि तिथेच थरथरत राहावं.

टर्बो लावायचं ठरलं.
मग फोर्ज्ड पिस्टन, मग रॉड, इंजेक्टर, इंटरकूलर,
तिपदरी पोलादी गॅस्केट, रुंद एक्झॉस्ट.
ताकद एकटी येत नाही.
वरातीसारखी गोतावळा घेऊन येते
आणि प्रत्येकाला जागा लागते, मान लागतो.

ब्लॉक रिक्षात घालून नाना पेठेत नेला.
सोनटक्के मास्तर डाव्या कानाने बहिरे,
तो कान पिंपरीच्या फोर्जिंग शॉपने ठेवून घेतला.
बोअरमध्ये तर्जनी घालून फिरवत राहिले
बराच वेळ, छताकडे बघत.
म्हणाले, चौथा लंबगोल झालाय. दोन शतांश.
मी गेज लावला. अडीच.
मास्तर गेजकडे संशयाने बघत राहिले.

मग चहा आला. मास्तर म्हणाले,
नेहमी चौथाच का रे असतो?

आता मी राहतो धानोरीत, गल्लीच्या पार टोकाला.
सहाला पाणी सोडतात.
आधी टाकीजवळचे बंगले भरतात,
मग सोसायट्या, त्यांच्या मोटारी, त्यांच्या बागा,
आमच्या नळाला येतो
खोकणारा वारा.
इंजिनातही पंप पुढे, चौथा सगळ्यात मागे.
त्याच्यापर्यंत पाणी पोचतं
तिघांनी तापवलेलं.
ठिणगी मात्र त्यालाही तेवढीच, वेळेवर,
मिनिटाला साडेतीन हजार वेळा.

मास्तरांच्या उजव्या कानाला हे सगळं ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.
त्यांनी बशी पुसून ठेवली.

चार रात्री मी पाण्याची वाट बदलत होतो.
थर्मोस्टॅट मागे नेला,
फायरवॉलच्या बोटभर फटीत हात घालून
कोपरापर्यंत सोलपटून घेतला,
जाड रबरी नळी मागून पुढे रेडिएटरला आणली.
याने एकही अश्व वाढला नाही.
डायनो दोनशे चाळीस म्हणाला,
नळीविनाही तेवढंच म्हणाला असता.
बिलात मी लिहिलं: रबरी नळी, दोन मीटर.
डॉक्टर बाकीच्या आकड्यांवर हसल्या,
त्या ओळीवर थांबल्या नाहीत.

रविवारी त्या कोल्हापूरकडच्या ट्रॅकवर.
मी घरी, फोन उताणा ठेवून,
मुलीच्या सायकलला चेन बसवत.
वीस मिनिटांचं सेशन.
बाविसाव्या मिनिटाला फोन.
मागे कुणाच्या तरी गाडीचा रेडिएटर शिट्टी मारत होता.

मला वाटलं, वेग सांगतील,
वळणावर मागच्या चाकांनी कशी पाठ फिरवली ते सांगतील.

गजेंद्र, म्हणाल्या, श्वास अजून वर होता,
तापमानाचा काटा
शेवटपर्यंत
हललाच नाही.

आणि गप्प झाल्या,
पडद्यासमोर बसल्यासारख्या.

मी हात पुसले. ग्रीस तसं जात नाही.
सोमवारी सहाला नळाखाली बादली लावली.
आधी वारा आला.